घोडीला ढाळ लागले तर खर्च किती आणि कशावर?

घोड्याच्या ढाळांवर औषधांपेक्षा पाण्याला जास्त पैसे लागतात. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. हा लेख माकणी, लोहारा, सास्तूर, किल्लारी या पट्ट्यात वरातीसाठी घोडी पाळणाऱ्यांसाठी आहे, हौसेनं घोडा बाळगणाऱ्यांसाठी आहे, आणि मार्गशीर्षात माळेगाव किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून नवा घोडा घेऊन येणाऱ्यांसाठीही आहे. पिकअपमध्ये तासन् तास उभं राहून आलेला, चारा-पाणी बदललेला घोडा ढाळांना लवकर बळी पडतो. आणि ढाळांमुळे दवाखान्यात नेलेला घोडा तिथल्या दुसऱ्या घोड्यांनाही तोच रोग देऊ शकतो. पैसे पाण्यावर आणि हा प्रसार रोखण्यावर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी मात्र ते तिसऱ्याच गोष्टीवर, नको असलेल्या इंजेक्शनांवर, जातात.

घोड्याचं मोठं आतडं रोज शंभर लिटरच्या घरात पाणी आणि पाचक रस परत शोषून घेतं. साल्मोनेला किंवा क्लॉस्ट्रिडियम या जंतूंनी त्या आतड्याचं अस्तर सुजवलं की हे काम थांबतं आणि तेच पाणी शेपटीखालून वाहून जातं. त्याबरोबर मीठ, पोटॅशियम आणि रक्तातली प्रथिनंही जातात. गाय-म्हैस दोन दिवस पातळ टाकते आणि सावरते. घोड्याच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नये. सकाळी सुरू झालेल्या ढाळांनी तो संध्याकाळपर्यंत आडवा होऊ शकतो.

घरी आधी काय पाहायचं

घरात स्वतःचा डिजिटल थर्मामीटर हवाच, आणि तो फक्त घोड्यासाठी वेगळा ठेवायचा. निरोगी घोड्याचं तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट असतं. जबड्याखालची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. नाडी साठच्या वर गेली, हिरड्या विटकरी किंवा जांभळ्या दिसू लागल्या, किंवा दातांच्या कडेनं गडद रेघ उमटली, तर वाट पाहू नका. ती वेळ डॉक्टरांना बोलावण्याची आणि गाडी ठरवण्याची आहे.

नुसती एक-दोनदा पातळ लीद पडली, ताप नाही, घोडी खाते-पिते, डोळे तरतरीत आहेत, तर चंदी बंद करून फक्त कोरडा, ओळखीचा चारा ठेवा. पाण्याच्या दोन बादल्या ठेवा, एक साध्या पाण्याची आणि दुसरी मीठ घातलेली. मिठाच्या बादलीत लिटरमागे नऊ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ कधीही नको. साधं पाणी शेजारी असलंच पाहिजे, निवड घोडीला करू द्या. आठवडा-दीड आठवड्याच्या शिंगराला, आईला नव्यानं माज येण्याच्या सुमारास, सौम्य पातळ होणं नेहमीचं आहे. पण तेही दूध पीत नसेल किंवा अंग तापलं असेल तर ते आजारपण समजावं.

आणखी एक काम तेव्हाच करून टाका, घोडीचं वजन काढा. सगळी औषधं आणि सगळं सलाइन वजनावर ठरतं, आणि अंदाजानं सांगितलेलं वजन बिलातही चूक करतं आणि उपचारातही. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर उत्तर ३४४ किलो येतं. वरातीच्या अंगापिंडानं बेताच्या घोडीसाठी आपण हिशेबाला साडेतीनशे किलो धरू.

कुठे न्यायचं

पहिला फोन १९६२ या टोल फ्री क्रमांकावर करा, तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीचं शुल्क नाममात्र असतं. तिथले डॉक्टर नाकातून पोटात नळी घालणं, शिरेतून सलाइन लावणं, दुखणं कमी करणं ही कामं करू शकतात, आणि अनेक घोड्या तेवढ्यावर उभ्या राहतात. घोडी तेवढ्यावर सावरली नाही तर या भागातल्या माणसांना जवळचं मोठं ठिकाण म्हणजे उदगीरचं पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतं आणि त्याला जोडलेला चिकित्सालय विभाग आहे. दुसरा पर्याय परभणीच्या महाविद्यालयाचा. अशा ठिकाणी केसपेपर आणि तपासण्यांचे दर स्वस्त असतात, पण सलाइन आणि औषधं बहुतेकदा मालकाला बाहेरून आणावी लागतात. म्हणून खिशात रोख ठेवूनच निघावं.

निघण्याआधी दवाखान्याला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, ‘घोडीला ढाळ आहेत, ताप इतका आहे.’ पोट दुखतंय एवढंच सांगून ढाळ लपवणारे मालक असतात. आत घ्यायचे नाहीत अशी त्यांना भीती वाटते. पण ढाळ माहीत असले तर डॉक्टर तिच्यासाठी वेगळी जागा मोकळी करून ठेवतील. माहीत नसले तर घोडी थेट दुसऱ्या जनावरांच्या रांगेत जाऊन उभी राहील.

दवाखान्यातली साथ

या विषयातला सर्वात महाग भाग बिलाच्या कागदावर कुठेच लिहिलेला नसतो, तो म्हणजे दवाखान्यातच लागणारा रोग. साल्मोनेला बाळगणारा घोडा वरून ठणठणीत दिसू शकतो. प्रवासाचा ताण, उपास, शस्त्रक्रिया, जंतुनाशक औषधं यांनी आतड्यातले उपयोगी जंतू मेले की हा घोडा लिदीतून साल्मोनेला भराभर बाहेर टाकू लागतो. मग तो जंतू थर्मामीटरवरून, पोटात घालायच्या नळीवरून, बादलीवरून, गटारातल्या पाण्यातून, सेवकाच्या बुटांवरून आणि हातांवरून शेजारच्या घोड्यापर्यंत पोचतो. शेजारचा घोडा कदाचित नुसता पायाच्या जखमेसाठी आलेला असतो.

हे मोठ्या, श्रीमंत दवाखान्यांतही घडतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं न्यू बोल्टन सेंटर हे घोड्यांच्या उपचारांसाठी जगात नावाजलेलं ठिकाण आहे. तिथे २००३-०४ मध्ये अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या साल्मोनेला न्यूपोर्टची साथ पसरली. ६१ जनावरं बाधित झाली आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त दगावली. २००४ मध्ये मोठ्या जनावरांचा दवाखाना बंद करून साफसफाई आणि दुरुस्ती करावी लागली. एकूण फटका बसला सुमारे ४१ लाख डॉलरचा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३८ पशुवैद्यकीय शिक्षण रुग्णालयांना विचारलं गेलं. मागच्या पाच वर्षांत दवाखान्यातच पसरलेल्या रोगाची साथ आली होती, असं त्यांपैकी ३१ रुग्णालयांनी सांगितलं. त्या ३१ पैकी २० ठिकाणी कारण साल्मोनेला होतं. चांगले दवाखानेही यातून सुटत नाहीत. म्हणून दवाखाना निवडताना इमारतीपेक्षा तिथली शिस्त बघा.

घोडी गाडीतून उतरवण्याआधीच मालकानं विचारावं. ढाळांच्या घोडीसाठी वेगळं ठाण आहे का? त्याचं सांडपाणी दुसऱ्या ठाणांसमोरून तर वाहत नाही ना? तिला पाहणारा सेवकच वासरांकडे आणि शस्त्रक्रिया झालेल्या घोड्यांकडे जाणार असेल तर आधी ते आणि शेवटी ढाळांची घोडी, असा क्रम पाळला जातो का? ठाणाच्या दाराशी जंतुनाशक पाण्याचं घमेलं आहे का, आणि त्यातलं पाणी आज बदललं आहे का? सध्या आणखी कोणत्या घोड्याला ढाळ आहेत? हे विचारताना संकोच करू नका. बहुतेक डॉक्टर असा मालक आवडीनं स्वीकारतात, कारण नियम पाळणारा मालक त्यांचंही काम हलकं करतो.

घोड्यांच्या रुग्णालयांत सर्रास पाळला जाणारा एक नियम मालकालाही माहीत असावा. ताप, पातळ लीद आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणं या तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी दिसल्या, की प्रयोगशाळेचा निकाल येण्याची वाट न पाहता घोडा वेगळा काढायचा. कारण लीद वाढवून साल्मोनेला शोधायला दिवस लागतात, आणि एका नमुन्यात तो सापडला नाही म्हणजे नाहीच असं होत नाही. घोडा जंतू सलग टाकत नाही, मधून मधून टाकतो. म्हणून तीन ते पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी लीद तपासावी लागते. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना कसा आणि कशात पाठवायचा हे तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून, थंड ठेवून पाठवावा.

सोबत स्वतःच्या दोन बादल्या, मोरकी, दावं, खरारा, तोबरा आणि तो थर्मामीटर न्या. दवाखान्यातल्या वस्तू अनेक जनावरांवर फिरतात, तुमच्या वस्तू एकाच घोडीच्या राहतील. हा खर्च हजाराच्या आतला आहे आणि साथ रोखण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. ओळखीचा कडबा किंवा गवतही बरोबर असू द्या. आजारी घोडीला नवा चारा म्हणजे दुसरा त्रास.

आणि घोडा दुसऱ्याच कारणानं, समजा लंगडतो म्हणून किंवा खच्चीकरणासाठी, दवाखान्यात आणला असेल, तर डॉक्टरांनी जा म्हटल्याबरोबर घरी न्या. ‘अजून एक दिवस राहू दे’ असा आग्रह धरू नका.

आता हिशेब

खालचे दर मी हिशेबासाठी धरलेले आहेत. ते खोडून तुमच्या गावचे दर घाला, पद्धत तीच राहील.

साडेतीनशे किलोच्या घोडीच्या अंगातलं आठ टक्के पाणी गेलं, म्हणजे डोळे खोल गेले आणि चिमटीत धरलेली कातडी सावकाश सपाट होते, तर ती २८ लिटरनं मागे आहे. रोजची गरज किलोमागे ५० मिलिलिटर, म्हणजे साडेसतरा लिटर. ढाळांतून त्या दिवशी आणखी जाणारं पाणी १५ लिटर धरू. एकूण साडेसाठ लिटर. रिंगर लॅक्टेट या सलाइनची बाटली अर्ध्या लिटरची असते, म्हणजे पहिल्या दिवसाला १२१ बाटल्या. बाटली पन्नास रुपयांना धरली तर ६,०५० रुपये. पुढच्या प्रत्येक दिवशी साडेबत्तीस लिटर, ६५ बाटल्या, ३,२५० रुपये. चार दिवसांचे १५,८०० झाले.

घोड्याला चार बाटल्या लावून ‘सलाइन दिलं’ म्हणणं म्हणजे दोन लिटर पाणी देणं. साठ लिटरच्या गरजेला त्यानं काहीच होत नाही. कोणी चार बाटल्यांवर घोडी बरी करून देतो म्हणाला तर तिची तहान तरी त्यात भागेल का, हे त्याला विचारा. दुसरीकडे खर्च कमी करण्याचा एक खरा मार्गही आहे. घोडीच्या पोटातून द्रव उलट येत नसेल तर नाकातून घातलेल्या नळीनं दर काही तासांनी सहा-आठ लिटर क्षारयुक्त पाणी देता येतं. अर्धं पाणी असं गेलं तर बाटल्यांचं बिल जवळजवळ अर्ध्यावर येतं. ‘नळीनं देता येईल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचाराच. सलाइनमध्ये पोटॅशियम किती आणि किती वेगानं घालायचं हे मात्र पूर्णपणे डॉक्टरांवर सोडा. तिथे घाई केली तर हृदय थांबतं.

पिकअपचं भाडं, येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर, किलोमीटरला तीस रुपये, म्हणजे सहा हजार. त्या गाडीत आधी कोंबड्या, म्हशी किंवा खत वाहिलं असेल तर आधी धुवून घ्या. परत आल्यावर तर ती जंतुनाशकानं धुण्याची जबाबदारी तुमची, ड्रायव्हरला ते सांगा. रक्ताच्या आणि लिदीच्या तपासण्यांना अडीच हजार धरू. दुखण्याची, आतडं शांत करणारी व इतर औषधं चार हजार. दोन माणसं पाच दिवस राहणार, माणशी रोज तीनशे, म्हणजे तीन हजार. चुना, ब्लीच, हातमोजे, गमबूट यांचे दीड हजार.

आणि बर्फ. ढाळांनी आजारी घोड्याच्या खुरांच्या आत सूज येऊन हाड सरकण्याचा धोका असतो. घोडी ढाळांतून वाचते आणि पायांनी कायमची जाते, ते यामुळे. ताप असलेल्या, गंभीर घोडीचे चारही पाय गुडघ्याखालपर्यंत दोन ते तीन दिवस सतत बर्फाच्या पाण्यात ठेवले तर हा धोका बराच कमी होतो. जाड प्लास्टिकच्या पिशव्या, बर्फ आणि जागणारा माणूस एवढंच लागतं. तीन दिवसांना १२० किलो बर्फ, दहा रुपये किलोनं बाराशे. बर्फाच्या कारखान्यात किंवा मासळीच्या व्यापाऱ्याकडे आधीच बोलून ठेवा. बाराशे रुपये वाचवून पन्नास-साठ हजारांच्या घोडीचे पाय घालवणं परवडत नाही.

सगळी बेरीज ३४,००० रुपये. त्यात बुडालेल्या वरातींची सुपारी धरलेली नाही. घोडीची किंमत याहून फार कमी असेल, वय झालेलं असेल, आणि दुसऱ्या दिवशीही नाडी ऐंशीच्या खाली येत नसेल, हिरड्या जांभळ्याच असतील, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, वाचेल का? तो प्रश्न विचारण्यात निर्दयपणा नाही.

इंजेक्शनाचा मोह

ढाळ म्हटलं की ‘अँटिबायोटिक मारा’ हा आग्रह मालकच धरतात. मोठ्या घोड्याच्या बहुतेक साल्मोनेला ढाळांत त्याचा फायदा नाही. उलट चांगले जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियमला मोकळं रान मिळतं. लिंकोमायसिन घोड्याला जीवघेणे ढाळ लावू शकतं. गाईम्हशींना सर्रास दिलं जाणारं ऑक्सिटेट्रासायक्लिनसुद्धा घोड्याच्या आतड्याला महाग पडू शकतं. अमेरिकेत ढाळांच्या १२२ घोड्यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश घोडे वाचले. पण आधी अँटिबायोटिक दिलेल्या घोड्यांची वाचण्याची शक्यता साडेचार पटीनं कमी दिसली. कारण-परिणाम एका अभ्यासानं ठरत नाही, तरी गावातल्या मेडिकलमधून स्वतः इंजेक्शन आणून टोचणाऱ्यानं हा आकडा वाचावा. दवाखान्यात औषध लिहून मिळालं तर विचारा, कोणत्या जंतूसाठी? क्लॉस्ट्रिडियमसाठी मेट्रोनिडाझोल देण्यासारखं नेमकं कारण असेल तर डॉक्टर ते सांगतील. दुखण्याची इंजेक्शनंही अंगात पाणी नसताना पुन्हा पुन्हा दिली की मूत्रपिंड आणि आतडं दोन्ही बिघडवतात.

घरी आल्यावर

घोडी बरी दिसली तरी लिदीतून जंतू काही आठवडे जाऊ शकतात. निदान महिनाभर तिला दुसऱ्या घोड्यांपासून, गाई-म्हशींपासून, कोंबड्यांपासून वेगळी बांधा. तिची लीद वेगळ्या खड्ड्यात चुना टाकून गाडा, भाजीच्या वाफ्यात नको. तेरणा नदीवरच्या धरणाच्या जलाशयात घोडी किंवा गाडी धुवायला नेऊ नका, त्या धरणाचं पाणी आसपासची गावं पितात.

ठाण साफ करताना क्रम महत्त्वाचा. आधी लीद आणि गवत पूर्ण काढा, मग साबणाच्या पाण्यानं घासा, वाळू द्या, आणि मगच ब्लीच. लिदीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं, कारण घाणीत त्याचा जोर संपतो. मातीची जमीन असेल तर वरचा थर खरवडून काढा, चुना टाका, ऊन लागू द्या. हात साबण-पाण्यानं धुवा. क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंवर हातावर चोळायच्या सॅनिटायझरचा उपयोग होत नाही. साल्मोनेला माणसालाही होतो, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना जास्त. ठाणात काम करणाऱ्यानं तिथे भाकरी खाऊ नये, तंबाखू मळू नये.

विम्याचं आधीच बघून ठेवा. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या पशुधन विम्यात ओझी वाहणारे घोडे, खेचरं, गाढवंही येतात, आणि २०२४ च्या बदलानंतर लाभार्थ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्के ठरला आहे. तुमच्या घोडीला ती योजना लागू होते का, हे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्या. हा विमा उपचाराचा खर्च देत नाही, मृत्यूची भरपाई देतो. त्यासाठी ओळखीचा बिल्ला अंगावर असावा लागतो, आणि मृत्यू झाल्यास कंपनीला लगेच कळवून शवविच्छेदन करून घ्यावं लागतं. पुरून मोकळं झाल्यावर दावा उभा राहत नाही.

लग्नसराईत सुपारी आलेली असते आणि घोडी उभी दिसते, तेव्हा तिला वरातीला पाठवण्याचा मोह होतो. पाठवू नका. नवरदेवाबरोबर घरातली लेकरं तिच्यावर बसतात, तिच्या अंगावरून हात फिरवतात, आणि तेच हात पंगतीत जेवायला बसतात. डॉक्टरांनी लीद तपासून मोकळी म्हटल्याशिवाय सुपारी घेऊ नका, आणि घेतली असेल तर दुसऱ्या घोडीवाल्याला द्या.